मुलींच्या शाळेचं उन्हाळी वार्तापत्र: शालींशिवाय काय छापावं?

कैरीचं_पन्हं | २० एप्रिल २०२५, रात्री ९:१२

माझी लेक आठवीत आहे, पुण्यातल्या पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत. (कुठल्या ते विचारू नका, पालकांच्या ग्रुपवरचे निम्मे लोक इथेही असतात.) शाळा दर सत्राला एक चार पानी वार्तापत्र काढते. आजवर ते बाईच काढायच्या. यंदाचा उन्हाळी अंक मोठ्या बाईंनी आठवीतल्या पाच जणींवर सोपवलाय आणि त्यात आमचं रत्न आहे. १ मेला निकालाबरोबर वाटायचा, म्हणजे ऐन परीक्षेत हे लचांड.

मागचा अंक काढून बघितला. चार पानांत सतरा फोटो, त्यातल्या अकरांत शाल. मुली दिसतात त्या स्वागतगीत म्हणताना, मागच्या रांगेत, तोंडं उघडी. लेक म्हणाली, "आई, हे शाळेचं आहे का शालींच्या दुकानाचं?"

बाईंची अट एकच. बातमी हवी, निबंध नको. मुलींची यादी आत्ता अशी: सकाळची शाळा, दोरीच्या मल्लखांबाचं शिबिर, नववीच्या मुलींचे सुट्टीतले दहावीचे वर्ग, गच्चीवरची पक्ष्यांसाठीची पाण्याची भांडी. यावर एक पानही भरत नाही म्हणतात.

तर सांगा. तुमच्या शाळेत उन्हाळ्यात काय घडायचं? छापून यायला हवं होतं पण आलं नाही, असं काय होतं?

झंप्या_कोथरूडकर | २० एप्रिल, रात्री ९:२०

शालींचं दुकान, हसून हसून पुरेवाट. रुमाल टाकून ठेवतो.

सुमनताई | २० एप्रिल, रात्री १०:०५

मी १९७३ची मॅट्रिक. आमचीही मुलींचीच शाळा. मार्च लागला की सकाळची शाळा, आणि सकाळच्या शाळेबरोबर माठ यायचे. प्रत्येक वर्गाबाहेर एक, खाली तिवई, वर पितळी झाकण. आठवडाभर दोन मुलींची पाळी. साडेसहाला येऊन नळावरून कळशीनं पाणी आणायचं, गाळून भरायचं, माठाभोवतीचं फडकं ओलं करायचं. वाळ्याची पुरचुंडी आत सोडायची ती वर्गातल्या कुणाच्या तरी घरून यायची आणि ज्या वर्गाकडे वाळा त्या वर्गाबाहेर सगळ्या शाळेची रांग. आम्ही शेवटी आमचा माठ तासाला वर्गात आत ओढून घ्यायला लागलो. त्यावरून 'ब' तुकडीशी महिनाभर अबोला. ही बातमी नव्हे का?

दुसरं म्हणजे शिवणाची परीक्षा. काजं आणि बटणं. बाई चष्मा वर करून काजात करंगळीचं नख घालून फिरवायच्या. धागा अडकला की दोन मार्क गेले. मला अजून तयार ब्लाऊज घेताना तशी सवय आहे, दुकानदार बघत राहतात.

अधिकउणे | २१ एप्रिल, सकाळी ७:३१

माठ वगैरे छान आहे, पण सकाळच्या शाळेचं कौतुक पुरे. २८ मार्चला परिपत्रक निघालं, प्राथमिक ७ ते ११:१५, माध्यमिक ७ ते ११:४५. गेल्याच वर्षी लहान मुलांची झोप पुरी होत नाही म्हणून चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नका असं ठरलं होतं. उन्हाळ्यात झोप लागत नाही का?

माझी पुतणी धायरीहून येते. सातच्या शाळेसाठी पाचला उठणं, पावणेसहाची बस, स्वारगेटला बदलून दुसरी. सुटते पावणेबाराला, म्हणजे ऐन डोक्यावर ऊन असताना रस्त्यावर. उन्हापासून वाचवायला शाळा सकाळची आणि मूल उन्हातच घरी. मुलींनी एकच करावं, वर्गातली कोण किती वाजता उठते ते विचारून छापावं.

खडू_आणि_फळा | २१ एप्रिल, दुपारी १:१५

मी शिक्षिका आहे, मुलींच्याच शाळेत. अधिकउणे, तुमचं पटतं, पण साडेदहानंतर पत्र्याच्या वर्गात एकदा उभं राहून बघा. पंखा गरम हवाच फिरवतो. तिसऱ्या मजल्यावरच्या मुली पेपर लिहिताना मनगटाखाली रुमाल ठेवतात, नाहीतर घामानं उत्तरपत्रिका हाताला चिकटते. पेपर चालणार २५ तारखेपर्यंत आणि निकाल १ मेला. मधल्या पाच दिवसांत तपासणी, गुणपत्रकं, प्रगतिपुस्तकं. माझ्याकडे दोन तुकड्या आहेत. घरी आंब्याची अढी लागलीय आणि मी तिच्याशेजारी गठ्ठे मांडून बसते.

कैरीचं_पन्हं, "कोण किती वाजता उठते" हा खरंच चांगला मुद्दा आहे. मुलींना सांगा, पण नावं छापू नका.

गोट्या१९८३ | २१ एप्रिल, दुपारी २:४०

आमच्या वेळी असलं ऊनच नव्हतं पुण्यात. पुण्याची हवा म्हणून लोक रिटायर होऊन यायचे.

झंप्या_कोथरूडकर | २१ एप्रिल, दुपारी २:५२

गोट्याशेठ, ३० एप्रिल १८९७, पुणे, ४३.३ अंश. तुमच्या वेळच्या जरा आधीचं आहे, पण तेव्हा तर सिमेंटचे रस्तेही नव्हते. हलकेच घ्या.

इतिहासाचा_उंदीर | २१ एप्रिल, रात्री ८:१८

शाळेची वेळ हा पुण्यातला फार जुना वाद आहे, आणि तोही मुलींच्याच शाळेवरून झालेला. हुजूरपागेची शाळा १८८४ची. न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, भांडारकर अशी मंडळी तिच्यामागे. (नाव पेशव्यांच्या घोड्यांच्या पागेवरून, ती जागा तिथे होती.) शाळा भरायची ११ ते ५. टिळकांना ही वेळ मान्य नव्हती. मुलींना सकाळी किंवा संध्याकाळी तीन तास शाळा पुरे, बाकीचा वेळ घरकामाला मोकळा हवा, अशी त्यांची बाजू होती आणि ती त्यांच्या 'मराठा' साप्ताहिकातून मांडली गेली. अभ्यासक्रमावरही बरीच खडाजंगी झाली.

म्हणजे "मुलींची शाळा किती वाजता" याच्या मागे "मुलीचा उरलेला दिवस कुणाचा" हा प्रश्न असतो. मुलींना चार ओळींची चौकट म्हणून हे छापता येईल.

गोट्या१९८३ | २१ एप्रिल, रात्री ८:३०

थोडक्यात टिळक सकाळच्या शाळेच्या बाजूचे. मग विषय संपला.

सुमनताई | २१ एप्रिल, रात्री ९:४४

विषय कसला संपतो? उंदीरराव, तुमचं शेवटचं वाक्य वाचून हसू आलं आणि जरा रागही.

माझा भाऊ माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. त्याचीही शाळा सकाळची. तो घरी आला की दप्तर फेकून पर्वती नाहीतर विहीर, दिवेलागणीला परत. मी घरी आले की आई वाट बघत असायची, कारण गच्चीवर पापड. उडदाच्या लाट्या करायच्या, लाटायचे, चटईवर घालायचे, मग कावळे हाकत बसायचं. एक दिवस पापड, एक दिवस कुरडया, मग सांडगे, मग वर्षाचं तिखट. सकाळच्या शाळेनं दिलेली दुपार दोघांनाही सारखीच होती. त्याची त्याला मिळाली, माझी डब्यात भरून वर्षभर सगळ्यांनी तळून खाल्ली.

आईवर राग नाही. तिची दुपार तर शाळेशिवायच गेली.

पाटीवरचा_पुसट | २१ एप्रिल, रात्री १०:०२

ताई, शेवटच्या ओळीला नुसतं मम (सहमत) म्हणवत नाही. थांबलो.

अधिकउणे | २१ एप्रिल, रात्री १०:२०

सुमनताई, लेखी माफी. "कोण किती वाजता उठते"बरोबर "घरी गेल्यावर काय करते" हेही विचारायला सांगा.

वेणीवाला_बाबा | २२ एप्रिल, सकाळी ६:५५

मी सातवीतल्या मुलीचा बाप. बायकोची सकाळची शिफ्ट आहे, त्यामुळे सकाळची शाळा सुरू झाल्यापासून दोन वेण्या आणि काळ्या रिबिनी हे माझं खातं. पहिल्या आठवड्यात एक वेणी कानाजवळ आणि एक मानेवर. वर्गशिक्षिकेनं डायरीत लिहिलं, "केशरचना नीट असावी." मी खाली सही करून लिहिलं, "प्रयत्न चालू आहेत, बाबा." दुसऱ्या दिवशी खाली लाल पेनानं, "शुभेच्छा."

आता नव्वद सेकंदांत होतात. युक्ती अशी की भांग पाडायला कंगव्याचं शेपूट वापरायचं आणि रिबीन शेवटी बांधायची नाही, वेणीच्या मध्यापासून पेडात घालत यायची. मग ती सुटत नाही. मुलींच्या वार्तापत्रात बाबांसाठी एक कोपरा हवा.

झंप्या_कोथरूडकर | २२ एप्रिल, सकाळी ९:१०

हा धागा वेगळा काढा राव. "वेण्या: एक पुरुषी दृष्टिकोन".

मराठी_गडी | २२ एप्रिल, सकाळी ९:४१

शाळांचं चाललंच आहे तर पहिलीपासूनच्या हिंदीबद्दल कुणीच कसं बोलत नाही? मुळात

खडू_आणि_फळा | २२ एप्रिल, सकाळी ९:४८

त्यावर तीन धागे पेटलेले आहेत, तिकडे जा. इथे आम्हाला १ मेच्या आत चार पानं भरायची आहेत.

दोरीवरची | २२ एप्रिल, दुपारी ३:२६

मल्लखांबाचं शिबिर वाचून आले. मी शाळेत असताना सहा वर्षं दोरीचा मल्लखांब केला, आता उन्हाळ्यात मुलींना शिकवते.

बातमी लिहिताना "विद्यार्थिनींनी चित्तथरारक प्रात्यक्षिके सादर केली" एवढं कृपया लिहू नका. दोरी सुती असते, नवीन असताना जास्त कापते. तिला कुठेही गाठ मारायची नसते, सगळा भार पकडीवर. पहिली पकड पायाची, अंगठा आणि शेजारचं बोट यांच्या बेचक्यात दोरी धरायची. पहिले चार दिवस ते बेचकं लाल होतं, पाचव्या दिवशी साल निघतं. मुली घरी सांगत नाहीत, कारण सांगितलं की आई बंद करते. नवव्या-दहाव्या दिवशी ती जागा घट्ट होते आणि मग मुलगी पहिल्यांदा हात सोडून वर बसते. आधी स्वतःच्या पायाकडे बघते, मग खाली. तो चेहरा कुठल्याच फोटोत येत नाही, कारण फोटोवाला समारोपालाच बोलावतात.

शिबिराला येणाऱ्या मुलींचे तळपाय बघा आणि त्यावर लिहा.

अजून एक. मैदान असेल तर खो-खोची बातमी हवीच. जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला, आपल्या मुलींनी नेपाळला हरवून जिंकला, कर्णधार प्रियांका इंगळे पुण्याकडचीच. माझ्या शिबिरातल्या निम्म्या मुलींना माहीत नव्हतं. आयपीएलच्या टीम मात्र पाठ.

सहशिक्षित | २२ एप्रिल, सायंकाळी ५:०३

मूळ प्रश्नाला फाटा देतोय, पण २०२५मध्ये फक्त मुलींची शाळा हवीच कशाला? पुढे कॉलेजात, नोकरीत मुलांबरोबरच राहायचं आहे.

दोरीवरची | २२ एप्रिल, सायंकाळी ५:३०

एकत्र शाळेच्या मैदानावर मधल्या सुट्टीत जाऊन बघा. मधोमध क्रिकेट, मुली कडेला भिंतीलगत. आमचं मैदान कडेपर्यंत आमचं होतं. दहावीपर्यंत तेवढं मिळालं तरी खूप.

खडू_आणि_फळा | २२ एप्रिल, सायंकाळी ६:११

दोन्ही प्रकारच्या शाळांत शिकवलंय. मुलींच्या शाळेत टेबल मुलीच उचलतात, माइकची वायर मुलीच जोडतात, आगाऊपणाही मुलीच करतात. दुसरं कुणी नसतंच. तोटा असा की अकरावीत गेल्यावर पहिले सहा महिने काही जणींची वाचा बसते. दोन्ही खरं आहे.

मीठ_मसाला | २२ एप्रिल, रात्री ९:२७

सगळं वाचलं. सुमनताईंच्या माठावरून एक विचारते. कैरीचं_पन्हं, तुमच्या मुलीची पाण्याची बाटली शाळेतून येते तेव्हा रिकामी असते का?

माझी भरलेली यायची. मी आधी ओरडायचे, ऊन एवढं आणि तू पाणी पीत नाहीस. शेवटी म्हणाली, पाणी प्यायलं की जावं लागतं. आणि तिथे जाववत नाही. कडी नाही, मैत्रिणीला दाराशी उभं करावं लागतं, बादलीत पाणी असेलच असं नाही. पाळीच्या दिवसांत तर ती शाळेत निघायच्या आधीच पाणी बंद करायची. डॉक्टरकडे दोन वेळा जळजळ म्हणून नेलं. डॉक्टरबाईंनी औषध दिलं आणि विचारलं, शाळेत पाणी पिते का? मला नऊ महिने सुचलं नव्हतं ते.

शाळेचं नाव घेत नाही, आता मुलगी तिथे नाहीही.

कैरीचं_पन्हं | २२ एप्रिल, रात्री ११:४०

मीठ_मसाला, तुमचा प्रतिसाद वाचून उठले आणि लेकीच्या दप्तरातली बाटली काढून बघितली. गळ्यापर्यंत भरलेली. आज ३९ अंश होतं.

सकाळी विचारते.

कैरीचं_पन्हं | २४ एप्रिल, रात्री ८:५०

विचारलं. ती म्हणाली, "आई, सगळ्याच जणी असं करतात." इतक्या सहज की मला काही बोलता येईना.

तर पाची जणींनी काल पेपर सुटल्यावर वर्गाच्या दाराशी उभं राहून प्रत्येकीची बाटली बघितली. झाकण उघडून, चेष्टा करत. निम्म्याहून जास्त बाटल्या अर्ध्याच्या वर भरलेल्या. मग मागच्या बाजूच्या स्वच्छतागृहात जाऊन मोजलं: चार नळ, चालू एक. पाच दारं, कड्या दोन. वहीत तारीख, वेळ घालून लिहून आणलंय. आता प्रश्न असा की हे छापायचं का, आणि मोठ्या बाई छापू देतील का.

सहशिक्षित | २४ एप्रिल, रात्री ९:०५

छापू नका. शाळेची बदनामी होते आणि भोगतात त्या मुली. नववीत त्याच बाई आहेत ना?

अधिकउणे | २४ एप्रिल, रात्री ९:१२

इतकी नीट मोजलेली बातमी मोठ्या वर्तमानपत्रांतही हल्ली दिसत नाही. छापाच.

खडू_आणि_फळा | २४ एप्रिल, रात्री १०:३०

सहशिक्षितांची भीती अगदीच फोल नाही. माझा अनुभव सांगते. मुख्याध्यापकांना छापील अंकात अचानक काही दिसलं की ते टीका समजतात. आधी वही घेऊन गेलं तर काम समजतात. मुलींनी स्वतः जावं, पालकांनी नको. "शाळेत सोय नाही" असं वाक्य लिहू नये, नुसते आकडे लिहावेत. चार नळ, एक चालू. वाचणाऱ्याला बाकीचं कळतं. आणि खर्च किती ते विचारून जावं. कडी काही महाग नसते.

इतिहासाचा_उंदीर | २५ एप्रिल, सकाळी ८:०२

तिसऱ्या पानासाठी जागा उरली तर एक सुचवतो. सुट्टीत सकाळी साडेसहाला मुलींनी भिडेवाड्याच्या जागेपासून हुजूरपागेपर्यंत चालत जावं. दगडूशेठच्या समोरची जागा, १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली ती तिथे. वाडा २०२३च्या डिसेंबरात स्मारकासाठी पाडला. तिथून लक्ष्मी रोडवर हुजूरपागा रमतगमत पंधरा मिनिटं. मधली छत्तीस वर्षं पंधरा मिनिटांत. वाटेत इडली खायला हरकत नाही.

वेणीवाला_बाबा | २५ एप्रिल, सकाळी ८:२०

इडलीसाठी मी येतो.

कैरीचं_पन्हं | २ मे, दुपारी १२:१५

अंक निघाला. वृत्तांत देते.

मोठ्या बाईंकडे पाची जणी वही घेऊन गेल्या. लेकीच्या सांगण्यानुसार बाईंनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "हे कुणी सांगितलं तुम्हाला मोजायला?" एकीनं धीर करून सांगितलं, "तुम्हीच म्हणालात, बातमी हवी." मग बाईंनी पेन घेतलं आणि "घाण" खोडून "अस्वच्छ" केलं. बाकी एक अक्षर बदललं नाही. मात्र पहिल्या पानावर एका सत्काराचा फोटो घालायला लावला. त्याची ओळ मुलींनी लिहिलीय: "डावीकडून तिसऱ्या: शाल."

दुसऱ्या पानावर कोण किती वाजता उठते आणि घरी जाऊन काय करते. नावं नाहीत. "भावाचा डबा भरते" हे उत्तर इतक्या वेळा आलं की मुलींनी ते एकाखाली एक तसंच छापलंय. सुमनताई, पापड कुणीच लाटत नाही, विकत आणतात. दुपार मात्र अजून तिथेच जातेय.

तिसऱ्यावर मल्लखांब, फोटोत फक्त एक तळपाय. एका आईचा फोन आला की हा कुणाच्या पायाचा फोटो, आमचीच्या पायालाही असंच झालंय. चौथ्यावर बाटल्या आणि नळ. भिडेवाड्याची फेरी जूनमध्ये.

सुमनताई | २ मे, दुपारी १:०३

अंक पाठवशील का गं? पीडीएफ नको, कागद हवा. पत्ता व्यक्तिगत निरोपातून कळवते.

मीठ_मसाला | २ मे, दुपारी १:४०

चौथं पान माझ्या लेकीला वाचून दाखवलं. म्हणाली, "आमच्याकडे तर पाच दारांना एकही कडी नव्हती." एवढं बोलून मोबाइल बघायला लागली.

पाटीवरचा_पुसट | १३ मे, दुपारी २:१०

धागा वर काढतो. आज दहावीचा निकाल लागला, भाची पास, मुलींच्याच शाळेतली. आता अकरावीचे ऑनलाइन अर्ज, यंदापासून सगळ्या राज्यात. कैरीचं_पन्हं, नळांचं पुढे काय झालं?

कैरीचं_पन्हं | १३ मे, रात्री ९:३५

भाचीचं अभिनंदन! पेढे इथे पोचत नाहीत ही या संकेतस्थळाची मोठी त्रुटी आहे.

कड्या बसल्या, पाचही. नळही चारही बदलले. लेक काल दहावीच्या वर्गाला बसलेल्या मैत्रिणीबरोबर बघायला गेली होती. सगळे नळ सोडून पाहिले. एकालाही पाणी नाही. शिपाईकाका म्हणाले, सुट्टी आहे ना, टाकी भरत नाही. वर दहावीचे तीन वर्ग चालू आहेत.

तिनं वहीत तारीख घालून लिहून ठेवलंय.

झंप्या_कोथरूडकर | १३ मे, रात्री ९:४१

पावसाळी अंकाचं चौथं पान तयार.